गल्लीचा किल्लेदार

माझ्या चित्रकादंबरीतला उडणारा माणूस आता बसने फिरतो. त्याचे गुडघे गेलेत, आणि उडण्यापेक्षा उतरणं अवघड असतं हे त्याला साठीनंतर कळलंय. त्याच्याबरोबर एक बाई आहे. तिला पूर्वी दहा गावांपलीकडचं ऐकू यायचं; आता ती कानातलं यंत्र काढून पर्समध्ये ठेवते आणि सुखाने झोपते. तिसरा एके काळी अदृश्य व्हायचा. आता त्याला त्यासाठी काही करावं लागत नाही, म्हातारा झाल्यापासून तो लोकांना तसाही दिसत नाही. हे तिघे निवृत्त सुपरहिरो ज्या गावात राहतात तिथल्या पाट्या दोन लिप्यांत आहेत. ते गाव बेळगाव आहे असं मी पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. चिकोडीची बस वेळेवर कधी येत नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ते आपोआप कळतं.

मी कॅम्पातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. लग्न केलं नाही. त्याची चर्चा गल्लीने माझ्या चाळिशीपर्यंत नेटाने चालवली आणि मग दमून सोडून दिली. घरात आम्ही चौघं होतो: माझे वडील आप्पा, मी, माझ्या धाकट्या भावाची बायको आणि तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. चित्रकादंबरीचं वेड त्यानेच माझ्या डोक्यात भरवलं. कॉलेजात असल्यापासून तो इंग्रजी कॉमिक्स आणायचा आणि वाचून झाली की माझ्या टेबलावर टाकायचा. मी आधी नाक मुरडलं. घट्ट कपडे घालून इमारती पाडणारी माणसं, त्यांत बघायचं काय? पण चित्रांतली रेषा चांगली होती आणि चांगल्या रेषेपुढे माझं काही चालत नाही. एकदा मी म्हटलं, "हे सगळे जन्मभर तिशीतच कसे रे? कुणाला बीपी नाही, मोतीबिंदू नाही."

"मग तू काढ की आत्ती," तो म्हणाला. "म्हातारे हिरो. आपल्या गल्लीत लई हायत."

होतेच. आणि त्यांतला पहिला आमच्याच घरात, पायाला गरम पट्टा गुंडाळून बसलेला होता.

आमच्या गावात जयंतीच्या मिरवणुकीला गल्लीगल्लीचे चित्ररथ निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर देखावा उभा करायचा आणि गल्लीतल्याच माणसांनी त्यात इतिहासातली पात्रं व्हायचं. आमच्या गल्लीचा देखावा वर्षानुवर्षं एकच होता. गडाचा दरवाजा, आणि दरवाज्यात तलवार उगारून उभा असलेला किल्लेदार. बस्स. शत्रू समोर आलाय असं समजायचं. शत्रूसाठी माणसं लावण्याइतकी आमची गल्ली मोठी नव्हती. या किल्लेदाराला इतिहासात नाव नाही आणि गल्लीनेही कधी ठेवलं नाही. त्याचं काम एवढंच, की हलायचं नाही. ट्रॉली चालताना तो हात थोडा सैल सोडी, पण चौकात थांबली की दगड. खालून पोरं वेडावून दाखवत, शिट्ट्या मारत, पापणी लवली की हुर्यो करत.

आप्पा हे काम तरुणपणापासून करत आले. ते निपाणीच्या एका शाळेत पी.टी.चे मास्तर होते, रोज बसने जाऊन येऊन. वर्षभर दुसऱ्यांच्या पोरांना 'सावधान' म्हणायचे आणि वर्षातून एकदा स्वतः सावधानात उभे राहायचे. एका वर्षी फटाक्याची ठिणगी त्यांच्या मानेवर पडली. कातडी जळल्याचा वास खालच्या माणसांना आला म्हणतात, पण आप्पा हलले नाहीत. घरी आल्यावर आईने आधी लोणी लावलं आणि मग ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

किल्लेदाराची तलवार लाकडी आहे, तिला वरून बेगड लावतात. वर्षभर ती त्याच्या घरात, देव्हाऱ्यावरच्या फळीवर असते. नवा किल्लेदार ठरला की जुन्याने ट्रॉलीवर सगळ्या गल्लीसमोर त्याच्या हातात विडा आणि तलवार द्यायची आणि म्हणायचं, "घेतलीस तर हलायचं न्हाय." ती अशी हातातूनच हातात जाते. कुणी मधल्याने पोचती करायची नाही, कुणी आपण होऊन फळीवरून उचलायची नाही. आप्पांना ती गल्लीतल्या एका म्हाताऱ्या शिंप्याने दिली होती, आणि आप्पांकडून ती माझ्या भावाकडे जायची होती.

भाऊ हायवेवर अपघातात गेला. काकतीच्या अलीकडे, मोटरसायकलवरून, घाईत. भाचा तेव्हा पहिलीत होता. आप्पा त्या वर्षीही ट्रॉलीवर उभे राहिले, पुढेही राहत गेले, आणि मग गुडघ्यांनी हात टेकले. त्यानंतर आमचा चित्ररथच निघेना.

दोन वर्षांपूर्वी भाच्याने आणि त्याच्या दोस्तांनी तो पुन्हा काढायचं ठरवलं. मला आनंद झाला, गल्लीला झाला, आप्पांना तर इतका झाला की त्यांनी मला बेगड आणायला पिटाळलं. मग कळलं की नवा किल्लेदार उभा राहणार नाही. तो दोन पुरुष उंचीच्या बुरुजावरून, पेटती तलवार घेऊन, खाली दरवाज्यासमोर उडी मारणार. पलीकडच्या गल्लीने धुराचं यंत्र आणलं होतं ना, मग यांना आग पाहिजे होती. आणि किल्लेदार कोण, तर माझा भाचा. दिसायला बापासारखा, आणि घाईलाही.

तो आप्पांसमोर येऊन उभा राहिला. "आज्जा, तलवार पायजे."

"उभा ऱ्हाणार?"

"उडी मारणार."

"मग न्हाय."

"आता उभं ऱ्हायलेलं कोण बघतंय, आज्जा? लोकांच्या हातात मोबाईल हाय. अंगठा वर सरकला की तुमचा किल्लेदार गेला."

"त्यांचा अंगठा सरकू दे की," आप्पा म्हणाले. "आपला पाय सरकाय नको."

भाचा हसला आणि वेल्डरकडून लोखंडी तलवार करून घेऊन आला. विडा नाही, काही नाही. संध्याकाळी मैदानात गाद्या टाकून त्याचा सराव सुरू झाला. एकदा मनगट लचकलं, एकदा हनुवटी फुटली. त्याचाही त्याने व्हिडिओ टाकला आणि म्हणे तो लई चालला. माझी भावजय स्वयंपाक करताकरता थांबायची. "आक्का, तुम्ही सांगा की त्याला. माझं कुठं ऐकतोय?" मी सांगितलं. ओरडून सांगितलं, गोडीने सांगितलं. तो म्हणायचा, "आत्ती, तूच तर हिरो काढतीस आणि तूच भ्यालीस व्हय?"

भ्याले होते. आणि मला भीती वाटली की मी चित्र काढते. पुस्तकात तोवर एक तरुण सुपरहिरो आला होता, हातातून आग फेकणारा, टाळ्यांसाठी पूल पाडणारा. त्याचे केस आणि भुवया मी भाच्याच्याच घेतल्या होत्या. भाच्याने ती पानं पाहिली तेव्हा स्वारी खूश. "ह्यो मीच न्हवं? भारी काढलीस." पुढची पानं मी त्याला दाखवली नाहीत. त्यांत उडणारा म्हातारा हायवेच्या पुलावर त्याच्याशी झुंजतो, आणि मारामारीत तरुण पोरगा पुलावरून खाली पडतो. पडताना मी त्याला सात चौकटी दिल्या होत्या. का, ते मला विचारू नका.

ती पानं आप्पांनी भिंग लावून पाहिली, पोस्टातली नोटीस वाचावी तशी, एकेक चौकट.

"ह्यो म्हातारा झालाय न्हवं?"

"हो."

"मग अजून मारामारीच करालाय. म्हातारं हून शिकला काय?"

मी चिडले. "मग काय करू दे त्याला? पोरगा पूल पाडतोय."

"मारून कोण थांबतंय गं? आडवं उभं ऱ्हावं लागतंय."

"तुम्हाला जिथंतिथं उभंच राहायचं असतं."

"मला तेवढंच येतंय की," आप्पा म्हणाले आणि भिंग पुसायला लागले.

मिरवणुकीच्या आधी दोन दिवस रंगीत तालीम होती. मैदानात ट्रॉली सजून उभी, प्लायवूडचा बुरूज रंगवलेला. गाद्या आज काढून टाकल्या होत्या, कारण मिरवणुकीत त्या असणार नव्हत्या. ऊन कलल्यावर आप्पा मला म्हणाले, "चल, बघून येऊ." एका हातात काठी, बगलेत पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी. मला वाटलं ते विरघळले. भाच्याच्या दोस्तांनाही तसंच वाटलं. म्हातारा आशीर्वाद द्यायला आला म्हणून त्यांनीच स्टूल लावून त्यांना ट्रॉलीवर चढवलं.

आप्पांनी काठी माझ्याकडे दिली. पंचा सोडला, लाकडी तलवार काढली, आणि दरवाज्यासमोर जिथे उडी पडायची होती नेमके तिथे जाऊन उभे राहिले. हात वर केला. छाती पुढे, नजर समोर, सावधान.

वर भाच्याने तलवारीला गुंडाळलेलं रॉकेलचं फडकं नुकतंच पेटवलं होतं. "आज्जा, बाजूला सर."

आप्पा हलले नाहीत.

"आज्जा, सर की! पेटलंय ते!"

कुणीतरी गाणं बंद केलं. आधी पोरं हसली, मग मागे सरकली. जळक्या चिंध्या खाली पडत होत्या, एक आप्पांच्या पायाशी पडली. त्यांचा पायजमा थरथरत होता, गुडघ्यातून वरपर्यंत, पण पाऊल जाग्यावर होतं. भाच्याने तलवार ट्रॉलीबाहेर मातीत फेकली आणि वरून वाट्टेल ते बोलायला लागला. "वय झालंय तुमचं, कळत न्हाय काय? सगळ्यांसमोर इज्जत घालवालाय माझी." आप्पांनी पापणीदेखील लवू दिली नाही. मी काठी धरून उभी होते आणि मला आप्पांचा इतका अभिमान वाटत होता, आणि त्या पोराची इतकी दया येत होती, की मी कुठल्या बाजूची आहे हे मला सांगता आलं नसतं.

शेवटी भाचा मागच्या शिडीने खाली उतरला. आमच्याकडे न बघता त्याने बाईकला किक मारली आणि गेला.

आप्पांचा गुडघा तसाच आखडला. पोरांनी चौघांनी मिळून त्यांना खाली उतरवलं. घरी मी तेल कोमट करून चोळत होते, भावजय कपबशी घेऊन दारात उभी होती. तिच्याकडे बघत ते म्हणाले, "तुझा नवरा त्या दिवशी घाईत हुता. मी दारात उभा हुतो. आप्पा, बाजूला सरा, उशीर झालाय म्हणाला. सरलो." ही गोष्ट त्यांनी इतक्या वर्षांत कुणालाही सांगितली नव्हती. भावजय तिथेच उंबऱ्यावर बसली, आणि आम्ही तिघंही रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा माझ्या टेबलापाशी उभा दिसला. न दाखवलेली पानं त्याच्या हातात होती. "तुला बी मी पडावंच वाटलं व्हय, आत्ती?"

"पडशील म्हणून भीती वाटली रं."

त्याने पानं नीट एकावर एक रचून ठेवली. फाडली असती तर बरं झालं असतं.

मिरवणुकीच्या दिवशी आप्पांनी मला विडा करायला सांगितला. उडी तर आता होणार नव्हती, दोस्तच घाबरले होते. आप्पांचं म्हणणं, आता तो उभा राहील, मग द्यायला काय हरकत? त्यांना खुर्चीसकट ट्रॉलीवर चढवलं. त्यांनी दोन्ही हातांवर तलवार आडवी धरली, वर विडा. सगळी गल्ली जमली. ज्याला द्यायची तो आला नाही. ट्रॅक्टरवाल्याने बराच वेळ इंजिन चालू ठेवलं, मग बंद केलं, मग पुन्हा चालू केलं. आप्पांचे हात खाली येत नव्हते. शेवटी मीच म्हटलं, "आप्पा, पुरे." त्या वर्षी आमच्या गडाचा दरवाजा किल्लेदाराशिवाय गावभर फिरला.

"पुढच्या जयंतीला देतो," आप्पा म्हणाले, आणि तलवार स्वतः फळीवर ठेवली.

त्यानंतर दोघांमध्ये बोलणं नव्हतं. पण आप्पांना डॉक्टरकडे न्यायचं झालं की भाचाच त्यांना उचलून रिक्षात बसवायचा. आप्पा त्याच्या गळ्यात हात टाकून निपाणीच्या बसच्या गोष्टी सांगायचे आणि तो ऐकायचा, फक्त उत्तर द्यायचा नाही. मी मध्ये पडले, तेव्हा आप्पा म्हणाले, "असू दे. ट्रॉलीवर चढला की बोलंल." घरात गुपचूप दिली असती तर? मी तसं सुचवलंही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत तोंड उघडलं नाही. चारचौघांत घ्यायची वस्तू चारचौघांतच द्यायची, हा त्यांचा हट्ट. आणि आज्ज्याने चारचौघांत इज्जत घालवली, आता तलवार आपण होऊन मागायची नाही, हा त्याचा. मला दोघांचाही राग येत होता. अजून येतो.

आप्पा थंडीत गेले, झोपेतच. जयंती यायची होती.

भाच्याने सगळं केलं, खांदा दिला, अग्नी दिला. दिवस झाले आणि मग एके दिवशी मी शाळेतून आले तर तो देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसला होता, वर फळीकडे बघत. मला वाटलं बोलेल. तो म्हणाला, "चहा हाय काय गं?" मी चहा केला.

जयंती जवळ आली तशी गल्लीतली मोठी माणसं घरी आली. ज्याने द्यायची तोच न देता गेला, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. कुणी म्हणालं, नवी तलवार करू. कुणी म्हणालं, मुलगी आहे की, ती देईल, काळ बदललाय. मी द्यायला तयार होते. खरं सांगायचं तर मला ती द्यायचीच होती, म्हणजे एकदाचं मिटलं असतं. भाचा म्हणाला, "आत्तीनं धरलीया कधी? नवी बी नको. ट्रॉली काढा, मी येतो."

मिरवणुकीला निघायच्या आधी, उजेड असतानाच, आमची ट्रॉली रिवाजाप्रमाणे घरापुढे थांबली. आग नव्हती, धूर नव्हता, बुरूजही खाली आणलेला. दरवाज्यात भाचा उभा होता. आप्पांचा जुना फेटा, छाती पुढे, नजर समोर. उजवा हात वर, आणि हातात काही नाही. मूठ मात्र पुरी मिटलेली नव्हती. मधे तलवारीच्या मुठीएवढी जागा सोडलेली होती.

पोरांना आधी गंमत वाटली. "अण्णा, तलवार इसरलास!" एकाने जीभ काढून दाखवली, दुसऱ्याने पिपाणी वाजवली. तो हलला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते हनुवटीपर्यंत येऊन गळत होतं, आणि ते पुसायला त्याचा हात खाली येत नव्हता. भावजयीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. हळूहळू पोरंही गप्प झाली. ट्रॅक्टरवाला निघायचं विसरून मागे वळून बघत बसला.

पुस्तकाचं शेवटचं पान मी त्यानंतर काढलं. मारामारी काढून टाकली, त्या सात चौकटीही. उडणारा म्हातारा पुलाच्या मधोमध येऊन उभा राहतो आणि तरुण पोरगा थांबतो. शेवटच्या चौकटीत म्हातारा नाही. त्याच्या जागी पोरगा उभा आहे. भाच्याने ते पान पाहिलं, बोटाने हाताची रेषा तपासली आणि म्हणाला, "कोपर जरा वर पायजे, आत्ती. आज्ज्याचं वर असायचं." मी खोडून पुन्हा काढलं.

यंदा जयंतीच्या आठवडाभर आधी तो स्वतःच बेगड घेऊन आला. मला म्हणाला, "फळीवरनं तू काढ." मी तलवार काढून पाटावर ठेवली. त्याने जुनी बेगड सोलली, खळ लावली, नवी बेगड पात्यावर दाबून कापसाने चोळून गुळगुळीत केली. अख्खी दुपार गेली. मुठीला त्याने हात लावला नाही. तिथली बेगड मला लावायला सांगितली. मग म्हणाला, "ठेव वर." मी ठेवली, आणि तो रिकामे हात धुवायला गेला.